फाइन आर्ट आणि सोबत अजून एक विषय: हे प्रकरण नक्की चालतं कसं?

तांब्याच्या प्लेटवर सुईने चित्र काढायचं, प्लेट फेरिक क्लोराइडमधे सोडायची आणि वाट बघायची, एचिंग म्हणजे थोडक्यात एवढंच. प्लेटवर आधी मेणासारखा एक थर दिलेला असतो, सुईने तो जिथे खरवडला तिथेच द्रावण तांबं खातं, आणि जितका जास्त वेळ ठेवाल तितकी रेघ खोल जाते नि छापल्यावर तितकी काळी दिसते. मी फाइन आर्ट आणि स्टॅटिस्टिक्स असं एकत्र करत होते, आणि दुसऱ्या वर्षाला असताना अशी एक प्लेट सोडली आणि स्टॅटिस्टिक्सच्या ट्युटोरियलला पळाले. हिशोब सोपा होता, ट्युटोरियल ५० मिनिटांचं, प्लेटला पाऊण तास तरी हवाच होता, म्हणजे परत येता येता काढून घेऊ. नेमकं त्या दिवशी सरांना एक सिद्धता शेवटपर्यंत करूनच दाखवायची होती. परत आले तोवर दीड तास होऊन गेलेला. सावलीसाठी जवळजवळ मारलेल्या बारीक रेघा एकमेकींत मिसळून त्यांचा एक रुंद खड्डा झाला होता, आणि खड्डा रुंद झाला की त्यात शाई टिकत नाही, प्लेट पुसताना मधली शाई निघून जाते आणि काठाकाठाने तेवढी राहते. म्हणजे जिथे सगळ्यात गडद सावली हवी होती तिथे फिकट डाग आणि भोवती काळी किनार. तीन आठवड्यांचं काम होतं ते.

फाइन आर्टसोबत दुसरा विषय घ्यावा का असं कोणी विचारलं की मला ती प्लेटच आठवते. कारण विचारणाऱ्याचा प्रश्न बहुतेक वेळा असा असतो की "दोन्हीचा अभ्यास झेपेल का?", आणि अभ्यास झेपतो हो, हुशार मुलांना आरामात झेपतो. अडचण वेगळीच आहे. लेक्चरचा विषय वेळेचे तुकडे करून खातो, तासाचा तुकडा, ५० मिनिटांचा तुकडा, आणि स्टुडिओला अख्खा दिवस लागतो, तो पण सलग. हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचं सगळं, म्हणजे कोणता कोर्स घ्यायचा, कोणता विषय जोडायचा, कोणत्या माध्यमात काम करायचं, सगळं त्यावरूनच ठरवता येतं. हे मला तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं म्हणून आता लिहितेय.

आधी नावांचा गोंधळ मिटवू, कारण जाहिरातीत सगळंच "दोन विषय एकत्र" या नावाखाली खपवतात आणि आत मात्र चार वेगळ्या गोष्टी असतात.

ब्रिटनमधे कोर्सच्या नावातल्या एका छोट्या शब्दावर सगळं असतं. नावात दोन विषयांमधे "अँड" असेल तर साधारण अर्धं-अर्धं, ज्याला जॉइंट ऑनर्स म्हणतात. "विथ" असेल तर पहिला विषय मुख्य आणि दुसरा तोंडी लावायला. हे न बघता फॉर्म भरणारे लोक मी पाहिलेत, त्यांना वाटतं दोन्ही एकच, मग पहिल्या वर्षी कळतं की आपल्याला आठवड्यातून दीडच दिवस स्टुडिओ आहे.

अमेरिकेत भानगड अजून वेगळी. तिकडे डबल मेजर म्हणजे एकच डिग्री, त्यात दोन मुख्य विषय. ड्युअल डिग्री म्हणजे खरोखर दोन डिग्र्या, दोन सर्टिफिकेटं, आणि बहुतेक चाराऐवजी पाच वर्षं. शिवाय तिथे आर्टच्याच दोन जातीच्या डिग्र्या आहेत. बीए मधे आर्टचा वाटा ढोबळमानाने एक तृतीयांशाच्या आसपास, बाकी इतर विषय. बीएफए, म्हणजे बॅचलर ऑफ फाइन आर्ट्स, मधे तो दोन तृतीयांशाच्या घरात जातो. म्हणून दुसरा विषय गंभीरपणे करायचा असेल तर बीए सोपं पडतं, आणि बीएफए सोबत दुसरा मेजर लावणं म्हणजे आधीच भरलेल्या बसमधे ट्रंक घेऊन चढणं. दोन्ही पूर्ण ताकदीनं हवं असलेल्यांसाठी ब्राउन युनिव्हर्सिटी आणि ऱ्होड आयलंड स्कूल ऑफ डिझाइन यांचा पाच वर्षांचा एकत्र कोर्स प्रसिद्ध आहे, २००८ साली पहिली बॅच घेतली त्यांनी, शेवटी दोन्हीकडच्या डिग्र्या मिळतात. पण त्यासाठी दोन्हीकडे वेगवेगळा प्रवेश मिळवायचा आणि वर एकत्र कोर्सची निवड वेगळी, म्हणजे एकाच लग्नासाठी तीन घरांचा होकार. स्कॉटलंडमधे एडिनबरा युनिव्हर्सिटीचा फाइन आर्टचा एमए आहे, तो पण पाच वर्षांचा, त्यात स्टुडिओ आणि कलेचा इतिहास दोन्ही बरोबरीने चालतात. नाव एमए असलं तरी बारावीनंतरचीच डिग्री आहे ती, स्कॉटलंडमधे तशी पद्धत आहे.

भारतात नवीन शैक्षणिक धोरणानंतर मेजर आणि मायनर हे शब्द सगळ्यांच्या तोंडी आलेत. यूजीसीच्या आराखड्यात तीन वर्षांच्या डिग्रीला किमान १२० क्रेडिट, त्यातली मायनरला किमान २४. आणि २०२२ पासून एकाच वेळी दोन डिग्र्या करायलाही यूजीसीने परवानगी दिलीय, अट अशी की दोन्ही प्रत्यक्ष वर्गात असतील तर वेळा एकमेकांवर यायला नकोत. कागदावर छान आहे. पण आर्टचा स्टुडिओ दिवसभर असतो, आणि "वेळा एकमेकांवर यायला नकोत" या चार शब्दांतच निम्मे उमेदवार गारद होतात.

आता थोडं गणित, स्टॅट्सवाली आहे त्यामुळे राहवत नाही. ब्रिटनमधे वर्षाला १२० क्रेडिट, आणि एक क्रेडिट म्हणजे साधारण १० तासांचं काम धरतात, लेक्चर, वाचन, स्टुडिओ सगळं मिळून. म्हणजे १२०० तास. अर्धं आर्टला दिलं तर ६००. वर्षाचे ३० आठवडे धरा, आठवड्याला २० तास आले. वाईट नाही वाटत ना? पण हे २० तास कसे मिळतात त्यावर सगळं आहे. स्टुडिओत गेल्यावर सामान काढणं, रंग मिसळणं, कालचं काम समोर ठेवून "मी काय करत होते" हे आठवणं, आणि शेवटी ब्रश धुणं, टेबल आवरणं, यात प्रत्येक वेळी पाऊण तास जातो असं धरू. चार-चार तासांची पाच सेशन मिळाली तर पावणेचार तास यात गेले. तेच दोन-दोन तासांची दहा सेशन मिळाली, कारण मधे मधे दुसऱ्या विषयाची लेक्चरं आहेत, तर साडेसात तास गेले. तास तेवढेच, क्रेडिट तेवढंच, फी पण तेवढीच, आणि हातात साडेबारा तास. भारतातल्या आराखड्यात तर हे सरळ लिहिलेलंच आहे, लेक्चरचा एक क्रेडिट म्हणजे आठवड्याला एक तास, प्रॅक्टिकलचा एक क्रेडिट म्हणजे दोन तास. त्यामुळे "माझे क्रेडिट तर मैत्रिणीइतकेच आहेत, मग मीच का कायम इमारतीत असते?" याचं उत्तर तिथेच आहे.

आणि वेळ नुसता तुमचा नसतो, मालाचा पण असतो. प्लास्टर कालवलं की साधारण अर्ध्या तासात आवळतं, हाताला गरम लागायला लागतं, त्या वेळी तुम्हाला तासाला जायचंय की नाही हे त्याला माहीत नसतं. माती उलट, तिला घाई चालत नाही. भांडं केलं की ते चामड्यासारखं घट्ट होईपर्यंत थांबायचं, मग हँडल जोडायचं, मग हळूहळू पूर्ण वाळू द्यायचं, मग भट्टी, आणि भट्टी बंद केल्यावर ती थंड होईपर्यंत उघडायची नाही. प्लास्टिकने नीट गुंडाळून ठेवली तर माती तुमची तीन-चार दिवस वाट बघेल, गुंडाळायला विसरलात तर सोमवारी तडे. ऑइल कलरमधे तर एकेका रंगाची वेगळी तऱ्हा. अंबर, म्हणजे मातकट तपकिरी, लवकर सुकतो कारण त्यात मँगनीज असतं आणि ते तेल सुकायला मदत करतं, पातळ थर असेल तर एक-दोन दिवसांत हात लावता येतो. टिटॅनियम व्हाइट आठवडा घेऊ शकतो. मग दुसऱ्या विषयाची परीक्षा मधे असेल तर ऑइलवाल्याला उलट बरंच पडतं, चित्र सुकतंय तोवर तुम्ही अभ्यास करा. हे मला फार उशिरा कळलं. माध्यम निवडताना लोक फक्त आवडीचा विचार करतात, कॅलेंडरचा करतच नाहीत. आणि मग दुसऱ्या वर्षापर्यंत जॉइंट वाले बरेच जण आपोआप फोटोग्राफी, व्हिडिओ, ड्रॉइंगकडे सरकतात, ज्या गोष्टी लॅपटॉप बंद केला की थांबतात त्यांच्याकडे. विचारलं तर म्हणतात "माझी प्रॅक्टिस तिकडे वळली". प्रॅक्टिस कुठली, टाइमटेबल वळलं.

दुसरा मोठा फरक म्हणजे आर्टला आपल्याला सवय असते तसा सिलॅबसच नसतो. पहिल्या वर्षी थोडं असतं, हे मशीन असं चालवायचं, मॉडेल समोर बसवून ड्रॉइंग, असं. त्यानंतर "काय करायचं" हे तुम्हीच ठरवायचं. प्रश्न पण तुमचा, उत्तर पण तुमचं, आणि मग क्रिट. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. दहा-बारा जण स्टुलं ओढून बसलेत, भिंतीवर तुमचं काम लावलंय, आणि तुम्ही गप्प बसायचं. पहिली काही मिनिटं कोणीच काही बोलत नाही, नुसतं बघतात, आणि ती शांतता तुम्हाला जन्मभर लक्षात राहते. मग कोणीतरी विचारतं, "हे याच साइझचं का आहे?" तुमच्याकडे उत्तर नसतं, कारण खरं उत्तर असतं की दुकानात तोच कागद होता. पुढची २० मिनिटं त्या साइझवर चर्चा. बाहेर पडताना मार्क नाही, बरोबर-चूक नाही, फक्त पोटात एक खड्डा आणि वहीत लिहिलेल्या चार गोष्टी ज्यांतल्या दोन एकमेकींच्या विरुद्ध आहेत. आणि तिथून तुम्ही चालत जाता प्रॉबेबिलिटीच्या लेक्चरला, जिथे उत्तर एक-तृतीयांश आहे, संपला विषय.

ही उडी काही लोकांना मारून टाकते आणि काहींना जिवंत ठेवते. मला दुसऱ्या गटातली समजा. क्रिट वाईट गेली की संध्याकाळी एखादं गणित सोडवून ते बरोबर आलं की माणसात आल्यासारखं वाटायचं. उलटही व्हायचं, सलग आठवडाभर सिद्धता करून डोकं दगड झालं की प्रेसचं चाक फिरवणं हाच आराम. पण माझ्या वर्गात एकजण फाइन आर्ट आणि कलेचा इतिहास असं करत होता, वरून बघायला सगळ्यात साजेशी जोडी, आणि त्याचं काम दुसऱ्या वर्षी बंदच पडलं. सकाळी इतिहासाच्या वर्गात तो शिकायचा की अमुक पद्धतीचं चित्र काढणं कधीच जुनं झालंय, कोणी कोणी त्याचं काय काय केलंय, आणि दुपारी कॅनव्हाससमोर उभा राहिला की ब्रश टेकवायच्या आधीच त्याला स्वतःवरचं परीक्षण ऐकू यायचं. नंतर सावरला तो, पण "जवळचा विषय म्हणजे सोपा" हे डोक्यातून काढून टाका. जवळचे विषय एकमेकांच्या कामात नाक खुपसतात.

मुळात आर्ट आणि युनिव्हर्सिटीचे बाकी विषय एका छपराखाली यायलाच एवढा वेळ का लागला, हे पण थोडं बघू, कारण आजच्या बऱ्याच कटकटींचं मूळ तिथे आहे. युरोपात चित्रकार घडायचा तो कारखान्यात, उस्तादाच्या हाताखाली, रंग घोटत. युनिव्हर्सिटीत शिकवायचे व्याकरण, तर्क, भूमिती, असे "डोक्याचे" विषय. चित्र म्हणजे हाताचं काम, ते कारागिरीत धरायचे. चित्रकारांना हे झोंबायचं, लिओनार्दोने तर चित्रकला कवितेपेक्षा कमी नाही म्हणून पानंच्या पानं वाद घातलाय. त्यातून पुढे ॲकॅडम्या आल्या, पॅरिसची १६४८ ची, लंडनची रॉयल ॲकॅडमी १७६८ ची, पण त्या पण युनिव्हर्सिटीच्या बाहेरच. युनिव्हर्सिटीच्या आत आर्ट स्कूल हे १९व्या शतकाच्या उत्तरार्धाचं प्रकरण आहे. अमेरिकेत येल युनिव्हर्सिटीचं १८६९ ला उघडलं, आणि येलमधे मुलींना पहिल्यापासून प्रवेश देणारी ती पहिली शाखा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधलं स्लेड १८७१ चं. आपल्याकडे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात फाइन आर्टची फॅकल्टी १९५० ची. त्यानंतर ब्रिटनमधे १९६० साली विल्यम कोल्डस्ट्रीम यांच्या समितीने सांगितलं की आर्टच्या डिप्लोमाला डिग्रीचा दर्जा हवा असेल तर सुमारे १५ टक्के वेळ कलेचा इतिहास आणि इतर पूरक अभ्यासाला द्या. म्हणजे लेखी काम घुसवलं तेव्हा कुठे ते "युनिव्हर्सिटी लेव्हल" झालं. आजही जॉइंट कोर्स करताना दोन इमारतींमधे जे अंतर जाणवतं ना, एकीकडे सगळ्यांच्या कपड्यांवर रंग, दुसरीकडे कोणाला ईमेलचं उत्तर दोन दिवसांत आलं नाही तर आश्चर्य, ते अंतर एवढं जुनं आहे. दोन्ही डिपार्टमेंट एकमेकांशी बोलत नाहीत. मधला निरोप्या तुम्ही.

आणि निरोप्याचं काम शेवटच्या वर्षी जिवावर येतं. आर्टचा डिग्री शो आणि दुसऱ्या विषयाचा प्रबंध किंवा शेवटच्या परीक्षा साधारण एकाच मोसमात येतात. डिग्री शो म्हणजे चित्रं नेऊन टांगली असं नसतं, त्याआधी भिंती बुजवायच्या, पांढऱ्या रंगवायच्या, लाइट लावायचे, एकमेकांची जागा ठरवताना भांडायचं, दोन-तीन आठवडे त्यातच जातात. तुमच्या जोडीचे फक्त आर्टवाले दिवसभर तिथे असतात, तुम्ही परीक्षा देऊन धावत येता तोवर चांगली भिंत गेलेली असते. त्यामुळे प्रवेश घेण्याआधी, ओपन डेला वगैरे गेलात तर, फॅकल्टीपेक्षा तिथल्या शेवटच्या वर्षाच्या जॉइंटवाल्या पोरांना गाठा आणि अगदी बारीक प्रश्न विचारा. जॉइंटवाल्यांना स्वतःची स्टुडिओची जागा मिळते की वाटून? की फिरती? रात्री आणि शनिवार-रविवारी स्टुडिओ उघडा असतो का, आणि वर्कशॉप? कारण स्टुडिओ रात्री ११ पर्यंत असला तरी लाकडाचं, धातूचं, प्रिंटचं वर्कशॉप टेक्निशियन असतील तेवढाच वेळ चालतं, म्हणजे बहुतेक वेळा ऑफिसच्या वेळेत, म्हणजे नेमकं तुमच्या लेक्चरच्या वेळेत. मशीन वापरायच्या आधी जे सुरक्षेचं ट्रेनिंग असतं ते वर्षातून किती वेळा होतं? ते पहिल्या महिन्यात एकदाच असेल आणि त्या दिवशी तुमची दुसरीकडे परीक्षा असेल तर वर्षभर त्या मशीनकडे नुसतं बघायचं. शेवटच्या वर्षी डिग्री शो दोघांनाही असतो का? हे शेवटचं विचाराच, सगळीकडे उत्तर "हो" नसतं.

प्रवेशाचं बोलायचं तर पोर्टफोलिओ लागतोच, जोडीला दुसरा विषय आहे म्हणून सूट मिळत नाही. उलट दुसऱ्या विषयाचे मार्क पण बघतात. पोर्टफोलिओबद्दल एकच गोष्ट सांगेन, बाकी सगळीकडे लिहिलेलंच आहे: स्केचबुकची पानं टाका. खोडलेली, फसलेली, बाजूला काहीतरी खरडलेली. दहा गुळगुळीत पेन्सिल पोर्ट्रेट बघून परीक्षकांना कळतं की तुम्हाला फोटो उतरवता येतो. त्यांना बघायचं असतं की तुम्ही विचार करताना कसे दिसता.

मग जोडी कोणती लावायची. माझं मत थोडं उलटं आहे, विषयापेक्षा त्याच्या टाइमटेबलचा स्वभाव बघा. फिलॉसॉफी, साहित्य, गणित असले विषय चांगले, कारण त्यांचं काम रात्री, प्रवासात, प्लेट द्रावणात असताना (जवळ बसून!) करता येतं. डोनाल्ड जड, ते खोक्यांसारखी शिल्पं करणारे, न्यूयॉर्कच्या कोलंबिया युनिव्हर्सिटीत फिलॉसॉफी शिकत होते आणि सोबत आर्ट स्टुडंट्स लीग या कलाशाळेत आर्ट, १९५३ ला त्यांची डिग्री झाली. पुढे कित्येक वर्षं कलेवर परीक्षणं लिहून पोट भरलं त्यांनी आणि त्या लिखाणात ती शिस्त दिसते. ही जोडी जमते कारण एक विषय दिवसाचा आणि एक रात्रीचा होऊ शकतो.

लॅबवाले विषय अवघड. केमिस्ट्रीची लॅब दुपारी, स्टुडिओ पण दुपारी, आणि दोन्हीकडे हजेरी लागते. पण इथेच एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. जुन्या चित्रांचं, वस्तूंचं जतन आणि दुरुस्ती, ज्याला कॉन्झर्व्हेशन म्हणतात, त्याच्या अमेरिकेतल्या मास्टर्सला प्रवेश हवा असेल तर केमिस्ट्री लागते, ऑरगॅनिकसकट, शिवाय कलेचा इतिहास, शिवाय स्वतःच्या हाताने केलेल्या कामाचा पोर्टफोलिओ. तिन्ही. म्हणजे जी जोडी टाइमटेबलवर सगळ्यात वाईट तीच इथे सगळ्यात कामाची. तसंच मेडिकल इलस्ट्रेशन. त्याचा पहिला विभाग जॉन्स हॉपकिन्समधे १९११ साली माक्स ब्रोडेल नावाच्या जर्मन चित्रकाराने सुरू केला, आणि आजही असल्या कोर्सला शरीरशास्त्र आणि ड्रॉइंग दोन्ही आल्याशिवाय दारात उभं करत नाहीत. आर्ट थेरपीला सायकॉलॉजी आणि स्टुडिओ दोन्ही लागतात. अशा ठिकाणी जायचं पक्कं असेल तर टाइमटेबलचा त्रास सहन करा, त्याचं पुढे काहीतरी होतं. नुसतं "बॅकअप असावा" म्हणून लॅबचा विषय घेऊ नका, दोन्हीकडे अर्धवट राहाल.

बॅकअपवरून आठवलं. घरचे लोक "आर्ट कर पण सोबत काहीतरी पोटापाण्याचं घे" म्हणतात, त्यात चूक काहीच नाही, पण दोन डिग्र्या हा एकच रस्ता नाही हे पण त्यांना सांगा. सुधीर पटवर्धन पेशाने रेडिओलॉजिस्ट होते आणि अनेक वर्षं तो पेशा सांभाळून चित्रं करत राहिले. गीव्ह पटेल डॉक्टर होते, चित्रकार होते, कवी होते, नाटकं पण लिहिली. के. जी. सुब्रमण्यन आधी अर्थशास्त्र शिकले, मग शांतिनिकेतनच्या कलाभवनात गेले. म्हणजे एकापाठोपाठ एक पण चालतं. एकाच वेळी करण्याचा खरा फायदा एकच, १९-२० व्या वर्षी स्टुडिओ मिळतो, क्रिट मिळते, प्रेस मिळते, जी नंतर घरी कोणी आणून देत नाही. पुस्तकं नंतरही मिळतात.

राहिला तो प्रश्न जो प्रत्येक इंटरव्ह्यूत विचारतात: "तुमचे दोन विषय एकमेकांना कसे जोडले जातात?" इंटरव्ह्यूत काय सांगायचं ते सांगा, पण मनातून हा प्रश्न काढून टाका. मी पहिल्या वर्षी तो फारच मनावर घेतला होता. घंटेच्या आकाराचे कर्व्ह कोरले लिनोवर, म्हणजे छापासाठीच्या मऊ शीटवर, फासे छापले, रँडम नंबरांचं एक भलंमोठं पोस्टर केलं. क्रिटमधे एकीने शांतपणे विचारलं, "हे गणिताच्या डिपार्टमेंटच्या भिंतीवर लावायला आहे का?" बरोबर होतं तिचं. विषयाचं चित्र काढणं आणि विषयातून बघणं यात फरक आहे, आणि दुसरं मुद्दाम करता येत नाही.

माझ्या बाबतीत ते तिसऱ्या वर्षी झालं, ते पण आळसातून. ड्रायपॉइंट करत होते, म्हणजे द्रावण नाहीच, सुईने थेट तांब्यावर ओरखडा काढायचा (त्या जुन्या प्लेटची दहशत, दुसरं काय). ओरखड्याच्या काठाला तांब्याची बारीक कड वर येते, तिच्यात शाई अडकते आणि रेघ मखमलीसारखी छापली जाते. पण प्रेसमधून प्लेट गेली की दर वेळी ती कड थोडी दबते, त्यामुळे चांगले प्रिंट थोडेच निघतात, मग रेघ कोरडी पडत जाते. नियम असा की सगळे प्रिंट सारखे निघायला हवेत, न जुळणारे बाजूला टाकायचे. मला टाकायचा कंटाळा आला आणि सगळेच ठेवले, चाळीस निघाले, आणि एका दुपारी ते क्रमाने जमिनीवर मांडले तर समोर अख्खा आलेखच पडला होता, रेघ हळूहळू मरत जाणारी. तेच डिग्री शोला लावले, चाळीसच्या चाळीस, एका ओळीत, नंबर न घालता.

शोच्या दिवशी ते सिद्धतावाले सर आले होते. आर्टमधलं कळत नाही म्हणाले, पण ओळीच्या सुरुवातीपासून एकेक बघत गेले, अठराव्यापाशी थांबले, दोन पावलं मागे आले, पुन्हा पुढे गेले. म्हणाले, "इथे एकदम घसरलंय. इथपर्यंत सावकाश चाललं होतं, इथे काय झालं?" दोन महिन्यांच्या क्रिटमधे हे कोणीच विचारलं नव्हतं. मी आठवून सांगितलं की तिथे मी संध्याकाळी थांबले होते आणि उरलेले दुसऱ्या दिवशी काढले, त्या दिवशी शाई नवीन डब्यातली होती, जरा घट्ट, आणि पुसताना जोर जास्त लागला. "मग ते लिहायला हवं खाली," ते म्हणाले. मी म्हटलं, सर, खाली लिहिलं असतं तर तुम्ही विचारलं नसतं.